छोटी, साधी, गमतीशीर वायनरी काढायचीय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे ना, की तुम्ही मुलुंडला राहता, पॅकेजिंगमध्ये नोकरी करता, मामांची निफाडला द्राक्षबाग आहे आणि तुम्हाला एक छोटी वायनरी काढायचीय जिथे कोणी ग्लास गोल गोल फिरवत भाषण देणार नाही, लेबलं बघून हसू येईल आणि रविवारी घरी मटणाबरोबर बाटली उघडताना कोणाला दडपण येणार नाही. आणि मग विचारलंय की मामांची द्राक्षं चालतील का, मुंबई सोडावी लागेल का, आणि एवढं सीरियस न होता हा धंदा जमतो का. मी बरीच वर्षं हेच करतेय, घर दादरला, वायनरी दिंडोरी तालुक्यात, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण बाकी सगळं त्यावरच आहे. जमतं, नक्की जमतं, पण गंमत लेबलवर आणि बोलण्यात ठेवायची, टाकीजवळ अजिबात नाही. साध्या वाइनला भारी वाइनपेक्षा जास्त शिस्त लागते हे लोकांना पटत नाही पण खरंय. महागड्या रेड वाइनमध्ये ओकच्या पिंपाचा वास असतो, वय असतं, ब्रँडचं वजन असतं, एखादा दोष असलाच तर पिणारा मनात म्हणतो की हे असंच असणार, मलाच कळत नाही. तुमचा गिऱ्हाईक असं म्हणणार नाही. तो पहिल्या घोटाला सांगेल की वास मारतोय, बाटली बाजूला ठेवेल आणि पुढच्या वेळी बिअर घेईल, आणि त्याचं काही चुकत नाही. त्याच्यासमोर आपल्याला लपायला जागाच नसते.

आता गोड वाइनचंच बघा. मुंबईतल्या मराठी घरांत बऱ्याच जणांनी आयुष्यात पहिल्यांदा जी वाइन चाखली ती गोव्याहून कोणीतरी आणलेली पोर्ट असते, गोड, लाल, थोडी औषधासारखी. त्यामुळे दुकानात किंवा आमच्याकडे टेस्टिंगला आलेला माणूस पहिलं विचारतो, गोड कोणती आहे? या माणसाला नाक मुरडणारा कोणीही साधी वायनरी चालवू शकत नाही. त्याला गोडसर, थंड, स्वच्छ चवीची शेनिन ब्लाँ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची व्हाइट वाइन, द्या, तो खूश होतो. पण ती बनवणं कोरड्या वाइनपेक्षा अवघड आहे. कोरड्या वाइनमध्ये यीस्टने सगळी साखर खाऊन टाकलेली असते, म्हणजे बाटलीत पुन्हा आंबायला काही उरत नाही. गोडसर वाइनमध्ये तुम्ही लिटरला १२-१५ ग्रॅम साखर मुद्दाम मागे ठेवता. मग आंबणं मध्येच थांबवायला टाकी शून्याच्या आसपास थंड करायची, यीस्ट-जंतूंना आवरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण नीट धरायचं आणि भरायच्या आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायची. यातलं एक जरी ढिलं झालं आणि चार यीस्ट आत राहिले तर मे महिन्यात भिवंडीच्या गोडाऊनमध्ये बाटली पुन्हा आंबायला लागते. लिटरला ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक बार दाब तयार होतो, म्हणजे १५ ग्रॅमचा हिशोब तुम्हीच करा, साधी वाइनची बाटली एवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसते.

आणि हा सल्फर डायऑक्साइडचा हिशोबसुद्धा हाताने करता आला पाहिजे, सल्लागारावर टाकून चालत नाही. हजार लिटरच्या टाकीत ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, हवाय तर ५० ग्रॅम सल्फर डायऑक्साइड लागतो, पण पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमधून त्याच्या वजनाच्या ५७ टक्केच मिळतो, म्हणजे पावडर साधारण ८८ ग्रॅम मोजायची. त्यातला किती कामाचा राहतो ते पीएचवर ठरतं. पीएच ३.२ असला तर थोडक्यात भागतं, ३.७ ला गेला की तेवढ्याच पावडरचं काम साधारण एक तृतीयांशावर येतं. आमच्याकडे नाशकात उन्हामुळे द्राक्षातलं आम्ल लवकर उतरतं, विशेषतः फेब्रुवारीच्या शेवटी, त्यामुळे रसात टार्टारिक ॲसिड घालणं हे इथे नेहमीचं काम आहे, त्यात कमीपणा काही नाही.

मामांची द्राक्षं. निफाडला आहेत म्हणजे थॉमसन किंवा सोनाका असणार, काळी असतील तर शरद सीडलेस. खायला उत्तम, वाइनला नाही. खायच्या द्राक्षाला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक, देऊन मणी मोठा करतात, त्यामुळे रस भरपूर आणि साल त्या मानाने कमी, आणि वाइनची चव, रंग बराचसा सालीत असतो. शिवाय १७-१८ ब्रिक्सला, म्हणजे रसात साधारण तेवढे टक्के साखर असताना, माल निघतो, त्यातून कसंबसं १० टक्के अल्कोहोल येतं आणि थॉमसनला स्वतःचा असा वास फारसा नसतोच. वाइनची द्राक्षं म्हणजे शेनिन ब्लाँ, सॉविन्यॉ ब्लाँ, शिराझ, कॅबरने, झिनफंडेल, ती २२-२३ ब्रिक्सला काढतात. मणी बारीक, बी असलेला, साल रसाच्या मानाने जास्त. किलोला भाव खायच्या द्राक्षापेक्षा कमी मिळतो हे मामा लगेच म्हणतील आणि बरोबरच म्हणतील, पण जीएचे डिप नाहीत, विरळणीची मजुरी नाही, निर्यातीच्या पेटीसाठी एक एक घड कात्रीने साफ करणं नाही, आणि वायनरीशी करार असला तर विकायची काळजी कमी. अवकाळी आणि गारपीट मात्र दोन्हीला सारखीच झोडपते. भुरी, डाऊनी, करपा हे वेलीचे रोग तर मामांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी म्हणेन की मामांचा अनुभव हे तुमचं खरं भांडवल आहे, त्यांची सध्याची द्राक्षं नाहीत.

मुंबई सोडावी लागत नाही. पण जानेवारी ते मार्च तुम्ही मुंबईचे नाही हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, लग्नं-मुंजी सगळं त्या तीन महिन्यांत तुमच्याशिवाय होणार. जगात बहुतेक ठिकाणी काढणी उन्हाळ्याच्या शेवटी असते, आपल्याकडे ती हिवाळ्यात येते कारण आपण वेलीला वर्षात दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडीबार छाटणी, म्हणजे फळ पावसातून वाचतं आणि थंड रात्रींत पिकतं. बाकीचे नऊ महिने ये-जा करून भागतं. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटात ट्रकच्या मागे अडकायचं टळलंय, माझ्यासाठी तर आठवड्याचं गणितच बदललं.

काढणीचं थोडं जवळून सांगते कारण लोकांना फोटोतली वायनरी माहीत असते. तोडणी पहाटे, अंधारातच हेडलॅम्प लावून सुरू होते, पेठ-सुरगाण्याहून आलेल्या टोळ्या असतात, द्राक्ष थंड असतानाच कॅरेट आत यायला हवेत. कॅरेट आलं की हात घालून मधला घड बघायचा, वरचे घड नेहमी चांगलेच दिसतात. मग देठापासून मणी सुटे करणारा डीस्टेमर, रस काढणारा प्रेस, रस टाकीत, रात्रभर थंड ठेवून गाळ खाली बसवायचा, दुसऱ्या दिवशी यीस्ट. व्हाइट १४-१६ डिग्रीवर आंबवायची, म्हणजे बाहेर ३४ असताना चिलर अखंड चालला पाहिजे, आणि लाइट गेली तर जनरेटर दहा मिनिटांत सुरू व्हायला हवा कारण आंबताना रस स्वतःच तापतो. रोज सकाळ-संध्याकाळ हायड्रोमीटरने साखर आणि तापमान, वहीत लिहायचं, मोबाइलमध्ये नाही, हात ओले असतात. आणि दिवसातला सगळ्यात जास्त वेळ जातो धुण्यात. पाइप धू, पंप धू, व्हॉल्व्ह उघडून धू, फरशी धू. वायनरीचा मालक म्हणजे तीन महिने गमबूट घालून पाण्याची नळी धरलेला माणूस, हे चित्र तुम्हाला आवडत असेल तरच पुढे जा.

एक गोष्ट मात्र मी नवीन माणसाला पहिल्याच दिवशी दटावून सांगते. एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. तो हवेपेक्षा जड असतो, खोलीत खाली साचतो, रिकाम्या केलेल्या टाकीत बसून राहतो, त्याला रंग नाही. टाकीत डोकं घालून वाकून बघायचं नाही, एकट्याने तर टाकीत उतरायचंच नाही, आणि कोणी आत पडलं तर त्याच्या मागे उडी मारायची नाही. जगभर वायनरीत माणसं अशीच गेली आहेत, एक पडला आणि दुसरा वाचवायला गेला. पंखे, एक्झॉस्ट, गॅस मोजायचं मीटर, इथे पैसे वाचवू नका.

बरं, आता गमतीकडे येऊ, कारण तुमचा जीव तिथे आहे आणि माझाही आहे. कॅलिफोर्नियात सांता क्रूझला रँडल ग्रॅम नावाच्या माणसाची बॉनी डून वायनरी होती, आपल्यासारख्यांसाठी ती एक शाळाच आहे. फ्रान्समध्ये शातोनफ-द्यु-पाप या वाइनसाठी प्रसिद्ध गावाच्या महापौराने १९५४ मध्ये आदेश काढला होता की आमच्या द्राक्षमळ्यांत उडत्या तबकड्या उतरायला बंदी आहे. ग्रॅमने त्यावरून आपल्या मुख्य वाइनचं नाव ठेवलं ल सिगार व्होलाँ, म्हणजे उडती सिगार, तबकडीला फ्रेंच असंही म्हणतात, आणि लेबलवर मळ्यावर तरंगणारी ती उडती सिगार काढली. २००२ मध्ये बुचाऐवजी स्क्रू कॅप आणली तेव्हा न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रलमध्ये बुचाची चक्क अंत्ययात्रा काढली. पण बाटलीच्या आतली वाइन फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातल्या द्राक्षजातींची, नीट विचार करून बनवलेली होती, म्हणून लोक दुसऱ्यांदा आले. दक्षिण आफ्रिकेत पार्लला चार्ल्स बॅकने कोट द्यु ऱ्होन या फ्रेंच वाइनच्या नावाच्या उच्चारावर खेळ करून गोट्स डू रोम, म्हणजे शेळ्या हुंदडतात, नावाची वाइन काढली, फ्रेंचांनी हरकत घेतली, आणि बॅकच्या फेअरव्ह्यू फार्मवर खरंच शेळ्या आहेत, त्यांच्यासाठी गोल जिन्याचा मनोरा बांधलाय. मला यातून घेण्यासारखं वाटतं ते हे की त्या गमतीला त्यांच्या जागेचं, त्यांच्या वाइनचं मूळ आहे, कुठूनही उचलून चिकटवलेली नाही. तुम्ही मुंबईचे आहात, लोकल, पाऊस, चाळीची गॅलरी, बोंबील, गच्चीवरची कोजागिरी, केवढं तरी आहे. देव, गड-किल्ले, महापुरुष यांच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. लहान मुलांना ओढेल असं कार्टूनही नको, ही दारू आहे हे आपण विसरायचं नाही. तब्येतीला चांगली, हृदयाला चांगली असलं काही लेबलवर लिहिता येत नाही, एफएसएसएआयचे २०१८ चे नियम वाचून घ्या, सल्फाइटचा उल्लेख आणि वैधानिक इशारा ठरलेल्या पद्धतीनेच येतो. आणि तोंडीसुद्धा ही वाइन औषध म्हणून विकू नका, मला ते अजिबात आवडत नाही.

लेबल वाचलं जातं कुठे तेही बघून ठेवा. मुंबईतलं नेहमीचं वाइन शॉप म्हणजे काउंटर, पुढे चार-पाच जणांची गर्दी, प्रत्येकाच्या हातात मोबाइल नाहीतर नोटा, आणि बाटल्या मागच्या फळीवर. तिथे उभं राहून मागचं लेबल वाचायला कोणाला वेळ नाही. तुमचं नाव आठ-दहा फुटांवरून दिसलं पाहिजे, आणि उच्चारता आलं पाहिजे, कारण ज्याला नाव घेता येत नाही तो मागतच नाही, ओशाळून ओळखीचं काहीतरी घेऊन जातो. देवनागरीत मोठं नाव टाका. पॅकेजिंगवाले आहात म्हणून तुम्हाला एक सांगते, कागद ओल्यात टिकणारा घ्या, साध्या कागदाचं लेबल बर्फाच्या बादलीत पाच मिनिटांत सुटतं आणि पावसाळ्यात तर दुकानातच कडा उचलल्या जातात. बूच विसरा, स्क्रू कॅप लावा. बाटली उघडायला अवजार लागलं की अर्ध्या घरांत ती उघडली जात नाही.

विकण्याबद्दल सरळ बोलते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं, मोठा विरोध झाला आणि ते प्रत्यक्षात आलं नाही, त्यामुळे त्या आशेवर प्लॅन करू नका. राहतात वाइन शॉप, रेस्टॉरंट आणि तुमच्या वायनरीतली टेस्टिंग रूम. प्रत्येक लेबलची राज्य उत्पादन शुल्ककडे वेगळी नोंदणी, वेगळी फी, दुसऱ्या राज्यात न्यायची तर तिथे पुन्हा सगळं. म्हणून दोन वाइन, फार तर तीन. उत्साहात सात लेबलं काढणारे पाहिलेत मी, वर्षभर कागदपत्रंच करत बसतात. आणि पैशाचं चक्र लक्षात ठेवा. शेतकऱ्याला पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम द्यायचे, बाटल्या विकायच्या पुढचे दहा महिने, आणि डिस्ट्रिब्युटरकडून वसुली त्याच्याही नंतर. छोट्या वायनरी वाइन वाईट म्हणून क्वचित बुडतात, रोकड संपली म्हणून बुडतात. मी शेतकऱ्याचे पैसे कधी मागे ठेवत नाही, बाकी कोणालाही थांबवा, पुढच्या वर्षी चांगली द्राक्षं त्याच्याकडूनच यायची आहेत.

टेस्टिंग रूम हा या धंद्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. नाशकात सुला वायनरीने ही सवय लोकांना लावली हे मान्य करायला हवं, आज शिर्डी-त्र्यंबकेश्वर करून येणारी कुटुंबंसुद्धा सहज वायनरीत डोकावतात. आमच्याकडे गिरगावच्या काकूंचा ग्रुप आला की एखाद्या काकू हळूच विचारतात, अगं यात बर्फाचा खडा घातला तर चालेल का? मी बर्फ आणून देते. बाजूच्या दोघी-तिघी लगेच ग्लास पुढे करतात, त्यांनाही तोच हवा होता. टेबलवर काळे मनुके, पेरू, लिंबाची साल, मिरी अशा वाट्या ठेवते, वाइनचा वास घ्या, वाटीचा घ्या, सापडलं तर ठीक, नाही सापडलं तरी ठीक. कोणाला परीक्षेला बसल्यासारखं वाटता कामा नये. ज्यांना प्यायची नाही त्यांना ताज्या द्राक्षाचा रस देते, आणि गाडी चालवणाऱ्याला आग्रह करायचा नाही हा आमच्या स्टाफचा नियमच आहे.

आणि जेवणाबद्दल लोकांना काय सांगायचं ते आत्ताच ठरवा, कारण चीज आणि क्रॅकरच्या फोटोंनी आपलं कोणाचं जेवण होत नाही. तिखटाशी जड, तुरट रेड वाइन भांडते, टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, आणि अल्कोहोल दोन्ही तिखटपणा वाढवतात, म्हणून मालवणी कोलंबीच्या कालवणाबरोबर गोडसर थंड शेनिन. तळलेले बोंबील, कोथिंबीर वडी यांच्याबरोबर काहीतरी फसफसणारं आणि आंबट, तेलकटपणा कापला जातो. मटणाच्या रश्श्याबरोबर तरुण शिराझ, ओक नसलेली, आणि फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवलेली. रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची हे सांगणाऱ्यांच्या खोल्या १६-१८ डिग्रीच्या होत्या, दादरला मे महिन्यात खोली ३३ असते. हे एवढं मागच्या लेबलवर साध्या मराठीत लिहा, ब्लॅकबेरी आणि देवदारपेक्षा खूप कामाचं आहे.

पेट-नॅट या फसफसणाऱ्या वाइनबद्दल तुम्ही लिहिलंय की त्यानेच सुरुवात करावी असं वाटतंय. दिसायला मजेदार, धूसर, बिअरच्या बाटलीसारखी क्राउन कॅप, तरुण मुलांना आवडते, मला मोह कळतो. पण ती आंबणं पूर्ण व्हायच्या आधीच बाटलीत भरतात आणि उरलेल्या साखरेतून बुडबुडे येतात, म्हणजे भरायची वेळ काही तासांनी हुकली तर एकतर सपक होते किंवा उघडताना छतापर्यंत उडते. शॅम्पेनसारखी जाड बाटली लागते आणि नाशिकपासून दुकानाच्या फळीपर्यंत ती थंड राहायला हवी. मुंबईच्या टेम्पोत ती साखळी कुठे तुटते ते तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा, थोडीशी, टेस्टिंग रूमपुरती.

आता प्रत्यक्ष काय करायचं. घरी बरणीत ट्रायल घेऊ नका, लायसन्सशिवाय बनवणं महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, १९४९ चा कायदा अजून लागू आहे. येत्या जानेवारीत सुट्ट्या साठवून कोणत्याही वायनरीत काढणीला हात लावायला जा, बहुतेक ठिकाणी त्या दिवसांत माणसं कमीच असतात. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जातींची आणि खुंटांची, म्हणजे ज्यावर कलम करतात त्या मुळाच्या झाडांची, माहिती मिळते, मामांनाही घेऊन जा. स्वतःच्या बिल्डिंगमध्ये, टाक्यांमध्ये लगेच पैसे घालू नका, नाशकात अनेक वायनरींकडे क्षमता रिकामी असते, कायदेशीर करार करून त्यांच्याकडे तुमची वाइन बनवून घेता येते. दोन टन शेनिन घ्या, त्यातून साधारण १,३०० लिटर, म्हणजे सतराशे बाटल्यांच्या आसपास होतील. एवढ्या बाटल्या मुंबईत स्वतः फिरून विका, डिस्ट्रिब्युटरच्या माणसाबरोबर दुकानादुकानात उभं राहा, कोण दुसऱ्यांदा मागतंय ते बघा. दुसऱ्यांदा मागणारे असतील तर मग लायसन्स, जागा, प्रदूषण मंडळाची संमती या मागे लागा, चोथ्याचं आणि धुण्याच्या पाण्याचं काय करणार हे तिथे विचारतातच.

आणि मामांशी एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी बोला. एक एकर मागा, जास्त नको, आणि बाग डॉगरिज जातीच्या खुंटावर आहे की स्वतःच्या मुळांवर हे पहिलं विचारा. खुंटावर असेल आणि झाडं दमदार असतील तर पावसाळा संपताना त्यावर शेनिनचं कलम बांधता येईल का ते बघता येतं, नाहीतर नवीन लागवड, आणि मग नीट माल यायला तिसरं वर्ष उजाडतं.